‘होऊन जाईल’ असं तिला पुन्हा सांगू नकोस

काकू,
मी २७ वर्षांची आहे. इंदूरमध्येच एमएसडब्ल्यू केलं आणि आता एका छोट्या ट्रस्टमध्ये पाकिस्तानातून आलेल्या सिंधी कुटुंबांसाठी काम करते. माझ्याकडे तीसेक कुटुंबं आहेत. त्यातली एक बाई २०१९च्या सुरुवातीला जेकबाबादकडून दोन मुलांना घेऊन, दिराच्या कुटुंबाबरोबर आली. नवरा म्हाताऱ्या आईसाठी मागे राहिला, ‘मागून येतो’ म्हणाला. २०२५च्या एप्रिलनंतर तर व्हिसाच बंद झाले. तिला झोप लागत नाही, छातीत धडधडतं, डोकं जड असतं. रात्री अकरा-बारा वाजता मला फोन करते. तिला धीर यावा म्हणून मी सांगून बसले की आता सीएए (नागरिकत्व सुधारणा कायदा) आलाय, तुमचं नागरिकत्व होऊन जाईल, मग तुमचे मिस्टरही येतील. आता ती दर आठवड्याला ‘कधी?’ असं विचारते. दोनदा तिचं घरभाडं मी माझ्या पगारातून दिलं, ट्रस्टमध्ये बोलले नाही. मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला पाचवीत बसवलंय, शाळेत जायला तयार नसतो. आमच्यात दुभाषाही तोच. माझी आई म्हणते, घरी असलीस तरी तुझं मन तिकडेच असतं, सोड ते आणि बी.एड. कर. हल्ली त्या बाईंचा नंबर स्क्रीनवर दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. मी त्यांच्या काही उपयोगाची आहे का?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

प्रिय मुली,

उपयोगाची आहेस. ज्या घराकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, तिथे तू जातेस आणि ती बाई आपलं मन तुझ्याकडे मोकळं करते. मात्र तिला आज सर्वात जास्त गरज आहे ती खरं सांगणाऱ्या आणि ठरल्या वेळी येणाऱ्या माणसाची. तुझ्या पत्रातल्या जवळजवळ प्रत्येक अडचणीचं मूळ मला या दोन गोष्टींत दिसतं, म्हणून आधी त्यावरच बोलते.

सीएएपासून सुरुवात करू. हा कायदा डिसेंबर २०१९मध्ये संमत झाला, त्याचे नियम ११ मार्च २०२४ला आले. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन लोकांसाठी तो आहे, पण भारतात प्रवेश ३१ डिसेंबर २०१४पर्यंत झालेला असला पाहिजे. तुझी बाई आली २०१९मध्ये. म्हणजे हे दार तिच्यासाठी नाही. सप्टेंबर २०२५मध्ये ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख असलेला एक आदेश निघाला, तेव्हा सीएएचीच मुदत वाढली असा पुष्कळांचा समज झाला. वस्तीत कुणी तसं सांगत असेल तर तिला नीट समजाव: त्या आदेशाने कागद नसलेल्या किंवा कागदांची मुदत संपलेल्या माणसांना कारवाईतून सूट मिळाली. नागरिकत्व ही वेगळी गोष्ट आहे.

मग तिच्यासाठी काहीच नाही का? आहे, पण त्यासाठी तिला एक प्रश्न विचारावा लागेल, आणि तो विचारल्याचं तुझ्या पत्रात दिसत नाही: तिचे वडील किंवा आई कधी आणि कुठे जन्मले? नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ प्रमाणे, जिचा स्वतःचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा जन्म अविभाजित भारतात झाला ती व्यक्ती भारतीय वंशाची मानली जाते, आणि सात वर्षं इथे राहिल्यावर ती नोंदणीसाठी अर्ज करू शकते. फाळणीआधीचं जेकबाबाद हे अविभाजित भारतातलंच. वडील १९४६चे असतील तर एक रस्ता निघतो. ते १९४८चे असतील आणि आईही फाळणीनंतरचीच असेल, तर तो रस्ता बंद, मग देशीयकरणाची लांबची वाट उरते: अर्जाआधीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षं इथे वास्तव्य. एका जन्मतारखेने तिच्या आयुष्यातली कितीतरी वर्षं इकडची तिकडे होतात. म्हणून वडिलांच्या शाळेचा जुना दाखला, एखादा जुना पासपोर्ट, काय मिळतं ते शोधायला तिला सांग. दिराकडेही विचारायला हवं, कारण अशी कागदपत्रं बऱ्याचदा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या पेटीत असतात आणि बाईला ती आहेत हेच ठाऊक नसतं.

पण हे ऐकून लगेच उद्याच तिला ‘रस्ता सापडला’ म्हणून फोन करू नकोस. आधी वकिलाला दाखव. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन नंबर. कायदा तिथे ‘व्यक्ती’ म्हणतो, नागरिकच हवा असं म्हणत नाही. २०१६मध्ये केंद्राने इंदूर आणि भोपाळसह काही जिल्ह्यांच्या कलेक्टरांना नागरिकत्वाच्या अर्जांवर निर्णय घेण्याचे अधिकार दिले, तेव्हापासून वस्तीतल्या सगळ्यांचे डोळे मोती तबेल्यातल्या कलेक्टर कचेरीकडे लागलेले असतात आणि दर महिन्याला नवी अफवा येते. तुझ्या तोंडून निघालेला शब्द त्या अफवांपेक्षा वजनदार असायला हवा. तो तपासूनच बाहेर पडू दे.

आता दिलेला शब्द मागे कसा घ्यायचा? सरळ. ‘त्या दिवशी मी तुम्हाला जे सांगितलं ते तुमच्या बाबतीत लागू होत नाही. मी नीट पाहिलं नव्हतं. आज जे पक्कं माहीत आहे तेवढंच सांगते, आणि जे माहीत नाही ते शोधून अमुक दिवशी सांगते.’ ती रडेल, कदाचित चिडेल. चिडू दे. तू उठून जाऊ नकोस आणि लगेच दुसरी आशाही दाखवू नकोस. नवऱ्याचा प्रश्न यातून आपोआप सुटत नाही, हेही त्याच बैठकीत सांग. तिला उद्या नागरिकत्व मिळालं तरी त्याला सीमा ओलांडायला व्हिसा लागणारच. २०२५च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहिले. म्हणजे तिच्याकडे तसा व्हिसा असेल तर तिचं इथलं राहणं त्या घडामोडीत सुरक्षित राहिलं. रात्री बारा वाजता फोन करणाऱ्या बाईच्या मनात ‘आम्हाला हाकलतील का’ ही भीती पहिली असते. ती मोठ्याने बोलत नसली तरी तू स्वतःहून त्याचं उत्तर दे.

नवरा मेलेला नाही, सोडून गेलेला नाही, पण जवळही नाही. अशा अधांतरी दुःखाचा अभ्यास पॉलिन बॉस या अमेरिकन बाईंनी १९७०च्या दशकात केला. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांशी त्या बोलत होत्या. त्यांना दिसलं की अशा घरात शोक करायलाही जागा नसते आणि पुढे जायलाही मन धजत नाही. तुझी बाई तिथेच अडकली आहे. कुंकू लावताना तिच्या मनात काय येत असेल, करवा चौथ येतो तेव्हा जावा काय बोलत असतील, याचा विचार कर. ‘विसरा आणि मुलांकडे बघा’ असं तिला कुणी सांगू नये, तूही नाही. तो इथे नसताना घरातले निर्णय कोण घेणार, त्याच्याशी मुलांचं बोलणं कधी आणि कसं होणार, सणाला त्याची आठवण कशी काढायची, यावर तिच्याशी बोलता येईल. नवऱ्याची नुसती वाट पाहण्याला असं थोडं वळण मिळालं की दिवस रेटणं जरा सोपं जातं.

तिच्या छातीतल्या धडधडीकडे, डोक्याकडे दुर्लक्ष मात्र करू नकोस. आधी एम.वाय. रुग्णालयात नेऊन साध्या तपासण्या होऊ देत: रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉईड. आपल्याकडे बायकांचं दुःख अंगातून बोलतं हे खरं, पण कधी कधी अंगच आजारी असतं. तपासण्या ठीक आल्या तर पुढचं. संकटातल्या लोकांच्या मनाच्या आधारासाठी २००७मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्यात मदतीचे चार थर सांगितलेत: सर्वात खाली अन्न, निवारा आणि सुरक्षितता, त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार, त्यावर प्रशिक्षित कार्यकर्त्याची नेमकी मदत, आणि अगदी वर मानसोपचारतज्ज्ञ. खालचे थर भक्कम असले की बहुतेकांना वरपर्यंत जावंच लागत नाही. तू जे भाडेकरार, शाळा आणि व्हिसाच्या तारखा बघतेस, ते मनाचंच काम आहे. ‘मी नुसते कागद नाचवते’ असं कधी वाटलं तर हे ध्यानात ठेव.

तिसऱ्या थरासाठी तू शिकावंस असं एक तंत्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ नावाची पाच बैठकींची पद्धत तयार केली. ती डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी चालवायची असते: श्वासाचा सराव, सुटण्याजोगा प्रश्न निवडून तो पायरी-पायरीने सोडवणं, थांबलेली रोजची कामं हळूहळू पुन्हा सुरू करणं, माणसं जोडणं. तिची मोठी चाचणी पेशावरमध्ये झाली, २०१६मध्ये निष्कर्ष आले, आणि ताण व उदासी दोन्ही कमी झालेली दिसली. म्हणजे आपल्याच मुलखातल्या बायका-पुरुषांवर पारखलेली गोष्ट आहे. ट्रस्टला सांगून त्याचं रीतसर प्रशिक्षण घे. नुसतं वाचून सुरू करू नकोस.

आणि एक प्रश्न तिला स्पष्ट विचार: जीव नकोसा वाटतो का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बाई बोलती होते. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटी सोडू नकोस, तिच्या संमतीने घरातल्या एका विश्वासू माणसाला सांग आणि त्याच दिवशी एम.वाय.च्या मानसोपचार विभागात किंवा बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयात घेऊन जा. जीव धोक्यात असेल तर ती नको म्हणाली तरी घरातल्या कुणाला तरी सांगावंच लागेल, आणि हे तिला सुरुवातीलाच कल्पना देऊन ठेव. रात्रीसाठी तिला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दे, तो चोवीस तास चालतो आणि फोन करायला कुठलाही कागद लागत नाही. पहिल्यांदा तिच्याबरोबर बसून तूच लावून दाखव. नुसता नंबर लिहून दिलेल्या चिठ्ठ्या उशीखाली पडून राहतात.

रात्रीचे फोन असे बंद होतील. ‘मला रात्री फोन करू नका’ एवढंच सांगितलंस तर ती तुटेल. त्याऐवजी आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरव, समज गुरुवार दुपारी चार, आणि ती वेळ काही झालं तरी पाळ. बातमी नसली तरी जा आणि ‘या आठवड्यात काही नवं नाही’ एवढंच सांगून ये. तारीख-पे-तारीख जगणाऱ्या माणसाला एक तरी तारीख पक्की मिळाली की झोपेत फरक पडतो, हे मी हॉस्पिटलमधल्या माझ्या नोकरीत पुन्हा पुन्हा पाहिलं. ट्रस्टने वेगळा फोन द्यावा आणि तो संध्याकाळी ऑफिसच्या कपाटात राहावा, हेही मागून घे.

घरभाड्याचं आज सांग. ट्रस्टमध्ये. लपवून दिलेले पैसे दिरापर्यंत पोचले की तिच्याबद्दल काय बोललं जाईल याचा अंदाज तुला आहेच, आणि पुढच्या महिन्यात तू दिले नाहीस तर ती तुझ्यासमोर मान वर करून बोलू शकणार नाही. ट्रस्टमध्ये अडल्या वेळेसाठी निधी असायला हवा, त्याची पावती हवी, आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यायला हवा. तिची स्वतःची कमाई सुरू होणं तर त्याहून चांगलं. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर बँकेत खातं उघडता येतं, पॅन आणि आधार काढता येतं, काम करता येतं. जयरामपूर किंवा पळशीकर कॉलनीत पापड लाटणाऱ्या, शिवण करणाऱ्या, बीसी म्हणजे भिशी चालवणाऱ्या बायका आहेत. तिला एखाद्या दुपारी त्यांच्यात नेऊन बसव. त्यातल्या काहींच्या सासवा १९४७मध्ये तशाच आल्या होत्या. तुला देता येणार नाही असा धीर त्या तिला अर्ध्या तासात देतील, तोही तिच्या भाषेत.

भाषेवरून मुलाकडे येते, कारण मला काळजी त्याची सर्वात जास्त वाटते. तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून आईची झोप, बापाची आठवण, घरातली भांडणं तू ऐकतेस. हे आजपासून थांबव. आईला जे सांगायचं ते ती मुलासमोर अर्धंच सांगते, आणि उरलेलं अर्धं तो अंदाजाने जाणतो आणि मनात साठवतो. सिंधी बोलणारी एखादी वयस्क बाई दुभाषा म्हणून शोध, शक्यतो दुसऱ्या कॉलनीतली, आणि मुलाच्या आईला चालत असेल तरच. मुलाने तिथे पहिली अक्षरं गिरवली असतील ती सिंधीची, अरबी धाटणीच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे. इथे हिंदीचं पुस्तक हातात दिल्यावर तो ‘कच्चा’ ठरला. गणितात तो कसा आहे हे कुणी तोंडी विचारून पाहिलंय का? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे उशिरा आलेल्या मुलाला वयाप्रमाणेच्या वर्गात बसवायचं असतं आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं, आणि चौदा पूर्ण झाल्यावरही आठवी होईपर्यंत शिक्षण मोफत. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कायदा ‘प्रत्येक बालक’ म्हणतो. ही कलमं लिहून मुख्याध्यापकांना भेट, नम्रपणे पण लेखी. तेरा वर्षांच्या मुलाला दहा वर्षांच्या मुलांत बसवलं तर तो शाळेतून पळणारच, त्याला हट्टी म्हणू नका.

तीस कुटुंबं तू डोक्यात घेऊन फिरतेस, ती वहीत उतरव. प्रत्येक घराला एक पान: कोण कोण आहे, व्हिसा कधी संपतो, पासपोर्ट कधी संपतो, भाडेकरार कधी, पुढची भेट कधी, आणि या घराला आता नेमकं काय हवंय हे त्यांच्याच शब्दांत. व्हिसाची तारीख चुकली तर कायद्याची अडचण होतेच, आणि मनाला लागलेला धसका महिनोन्‌महिने जात नाही, म्हणून त्या तारखा सर्वात वर. राज्याबाहेर जायला परवानगी लागते हेही लिहून ठेव, नाहीतर उल्हासनगरच्या लग्नाला निघालेलं घर स्टेशनवर जाऊन अडकतं. काही घरं आता स्वतः चालू शकतात, त्यांची पानं बंद कर. पहिल्यांदा कार्यालयात तू बरोबर जा, दुसऱ्यांदा बाहेर बाकावर बस, तिसऱ्यांदा घरी बसून फोनवर विचार. तुझी गरज संपणं हे तुझ्या कामाचंच फळ आहे. वही कुलपात असू दे. सिंधी पंचायतीचे मुखी, म्हणजे प्रमुख, भले माणूस असतील, तरी कुठल्या घरात काय चाललंय हे त्यांनी विचारलं तर ‘त्यांनाच विचारा’ म्हण. आणि ट्रस्टला बजाव की फोटो टाकू नका. त्या बाईचा चेहरा आणि गाव मोबाईलवर फिरलं तर त्याची किंमत तिकडे राहिलेल्या माणसाला मोजावी लागू शकते.

राहिली तुझी आई. तिचं ऐकून घे, ती रागावत नाहीये, घाबरली आहे. पोटात गोळा येणं, घरी चिडचिड, झोप उडणं हे या कामात होतंच, पण ते दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तूही डॉक्टरांना भेट, त्या बाईला सांगतेस तसंच. ट्रस्टकडे तीन गोष्टी लेखी माग: आठवड्यातून एकदा अनुभवी माणसाबरोबर बसून अवघड घरांची चर्चा, कुटुंबांची संख्या कमी करणं, आणि ठरलेली सुट्टी. त्यांना सहा महिने दे. तोवर काही हललं नाही तर खुशाल बी.एड.ला जा, त्यात पळ काढणं नाही. सिंधमधून आलेल्या मुलांना हिंदी कशी शिकवायची हे जाणणारी शिक्षिका या शहराला हवीच आहे. फक्त सोडायच्या आधी महिनाभर प्रत्येक घरात जाऊन स्वतः सांग आणि नव्या मुलीला बरोबर ने. त्या घरांतून माणसं न सांगता गेलेली आहेत.

— तुझी काकू